पाहुण्याची वाट

परक्या मुलुखात उतरलेल्या प्रवाशाला भूक लागण्याआधी एक प्रश्न पडतो : येथून पुढे कसे जावे? प्रत्येक भूमीने या प्रश्नाचे उत्तर आपापल्या परीने दिले आहे. इटलीतील व्हेनिस शहर पाण्यावर वसलेले आहे. तेथे कालव्यांतून धावणाऱ्या बोटी हीच लोकांची बसगाडी. हॉलंडची भूमी सपाट. म्हणून तेथे सायकलीचा मान मोठा. भूमीची घडण पाहिली, म्हणजे तेथील वाहनांचे मर्म कळू लागते.

नवी मुंबईचेही तसेच आहे. या नगराच्या एका अंगाला ठाण्याची खाडी पसरली आहे आणि दुसऱ्या अंगाला पारसिकचे डोंगर उभे आहेत. या दोहोंमधील पट्टीत पूर्वी आगरी आणि कोळी लोकांची गावे, भातशेती व मिठागरे होती. नवे शहर उभारण्यासाठी १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली. परंतु मुंबई आणि ही भूमी यांच्यामध्ये खाडी आडवी होती. पनवेलकडे मोटारीने जायचे तर ठाण्याचा वळसा घ्यावा लागे. १९७३ साली वाशीजवळ खाडीवर पूल झाला आणि हा वळसा चुकला. पुढे १९९२ साली आगगाडी खाडी ओलांडून वाशीस आली. तिचे रूळ १९९८ पर्यंत पनवेलला पोहोचले.

आता अशी कल्पना करावी, की फ्रान्समधील एक पाहुणा वाशीस उतरला आहे. त्याच्या देशात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तर भारतात ती डाव्या बाजूने चालतात. रस्ता ओलांडताना तो सवयीने प्रथम डावीकडे पाहील आणि गाडी मात्र उजवीकडून येईल! म्हणून वाहनांची निवड करण्याआधी पायी चालण्याचा हा नियम त्याने शिकला पाहिजे. प्रथम उजवीकडे पाहावे, मग डावीकडे पाहावे आणि पुन्हा एकदा उजवीकडे पाहून पाऊल टाकावे.

त्याला मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहावयाचे असेल, तर लोकल गाडीसारखे स्वस्त साधन नाही. रस्त्यावर वाहनांची कितीही दाटी झाली तरी रुळांवरील गाडीला तिची अडचण होत नाही. स्थानकांची नावे मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत लिहिलेली असतात. मात्र सकाळी कचेरीला जाणाऱ्यांचा लोंढा मुंबईकडे वाहतो आणि सायंकाळी तो परततो. मोठे सामान घेऊन त्या गर्दीत शिरणे हे स्वतःला आणि इतरांनाही जाचक होते. पाहुण्याने दुपारची वेळ साधली, तर त्याला बसायला जागा मिळण्याचा संभव अधिक. शिवाय खिडकीतून खाडीचे विस्तीर्ण पाणीही दिसते. ठाण्याला जाणारी गाडी २००४ पासून आणि उरणपर्यंत जाणारी गाडी २०२४ पासून सुरू झाली आहे.

पॅरिसमध्ये मेट्रो १९०० सालापासून धावते. त्यामुळे बेलापूरची मेट्रो त्या पाहुण्याला ओळखीची वाटेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला हा मार्ग बेलापूरहून खारघर व तळोजा भागांतून पेंधरपर्यंत जातो. त्याची लांबी सुमारे ११ किलोमीटर असून त्यावर ११ स्थानके आहेत. जेथे रूळ नाहीत, तेथे महानगरपालिकेच्या परिवहन उपक्रमाची बस उपयोगी पडते.

स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा बहुधा रिक्षा पुरा करते. येथे मात्र नवख्याची फसगत होण्याचा संभव आहे, आणि तीही कोणी न फसवता! नवी मुंबईचे उपनगरांत आणि उपनगरांचे सेक्टरांत विभाग पाडलेले आहेत. प्रत्येक उपनगरात सेक्टरांची मोजणी एकपासून सुरू होते. सेक्टर १० वाशीत आहे, तसाच तो नेरुळमध्येही आहे आणि खारघरमध्येही आहे. नुसते “सेक्टर दहा” असे सांगणारा प्रवासी भलत्याच दारी जाऊन उभा राहील. म्हणून उपनगराचे नाव आधी आणि सेक्टर मागाहून सांगावा. मीटरकडेही लक्ष ठेवावे. शिवाय रिक्षाची धाव मर्यादित आहे. मुंबईच्या दक्षिण भागात रिक्षांना प्रवेश नाही. शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे २२ किलोमीटरांचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्यावरही रिक्षा व मोटारसायकल यांना मनाई आहे. तेथून जाण्यास मोटार किंवा बस हवी.

बहुतेक पाहुण्यांना घारापुरीची लेणी पाहण्याची ओढ असते. १९८७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचे स्थान म्हणून मान्यता दिली. हे बेट उरण तालुक्यात असले, तरी तिकडे जाणारे पुष्कळ प्रवासी मुंबईतील गेटवे ऑफ इंडियापाशी जाऊन लाँचमध्ये बसतात. हा जलप्रवास सुमारे एक तासाचा आहे. लेणी सोमवारी बंद असतात, हे ध्यानात न घेता निघालेला प्रवासी व्यर्थ शिणतो. पावसाळ्यात समुद्र खवळला, म्हणजे लाँचही थांबतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच जलमार्गावर एका प्रवासी बोटीला अपघात होऊन अनेकांचे प्राण गेले. त्या दुःखद घटनेनंतर प्रवाशांना जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले. उकाड्यात ते अंगावर नकोसे वाटते. परंतु पाण्यावर क्षणाची हयगयही जिवावर बेतू शकते. किनाऱ्यावरच ते नीट बांधून घ्यावे.

अशा रीतीने प्रत्येक वाहनाचा एकेक गुण आहे आणि प्रत्येकाला एकेक मर्यादाही आहे. अंतर किती, वेळ कोणती, सोबत माणसे व सामान किती आणि खर्च किती झेपेल, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, की कोणते वाहन घ्यावे हे सहज ठरते.

तथापि नकाशा आणि वेळापत्रक हाती असूनही परका मनुष्य कधी ना कधी रस्त्यात थबकतो आणि जवळच्या माणसाला वाट विचारतो. तो जवळचा माणूस पुष्कळदा शाळेला निघालेला एखादा मुलगा किंवा मुलगी असते. ठाऊक असेल ते त्यांनी नेमके सांगावे. ठाऊक नसेल, तर तसे सांगून जाणत्याकडे बोट दाखवावे. अंदाजाने दाखवलेल्या वाटेमुळे पाहुण्याची गाडी चुकते, कधी विमानही चुकते. मुलांच्या एका खऱ्या उत्तराने त्याचा दिवस वाचतो, आणि मायदेशी परतल्यावर या गावाची आठवण तो आनंदाने काढतो.