यूव्ही इंडेक्सचा आकडा येतो कुठून?

हवामानाच्या अ‍ॅपवर ‘यूव्ही ८’ दिसतं. हे ८ म्हणजे नेमकं काय, कधी विचार केलाय?

जमिनीवर पोचणारे अतिनील किरण तरंगलांबीनुसार मोजतात. मग प्रत्येक तरंगलांबीला, ती त्वचा किती भाजते त्यानुसार, वेटेज देतात. २९८ नॅनोमीटरला १, तर ३०८ ला जेमतेम ०.११. समजा, सगळ्याची बेरीज दर चौरस मीटरला ०.२ वॅट आली. तिला ४० ने गुणा, झाले ८! हे ४० फक्त सोयीसाठी. सामान्य माणसाला कळेल असा आकडा मिळावा म्हणून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ३ पासून पुढे टोपी, सावली, सनस्क्रीन हवंच.

बघा, यात तापमान कुठेच नाही. उंचावर हवा गार लागते, पण दर हजार मीटरला यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढते. म्हणजे ‘आज गरम नाही’ हा अंदाज फसवा.

आणखी एक गोष्ट. हे वेटेज मुख्यतः गोरी त्वचा लाल होण्यावरून ठरलंय. सावळी त्वचा उशिरा भाजते, पण डोळ्यांना धोका सगळ्यांनाच असतो. म्हणून कुठलाही इंडेक्स संशोधनात वापरण्याआधी विचारा: वेटेज कशाचं, आणि कोणाला धरून?