आपलें लेखन आणि आपला पत्ता

सुशिक्षित घरांतून लिहिण्याची संवय नाहींशी होत चालली आहे, अशी तक्रार आपण नेहमीं ऐकतों. पोस्टकार्ड कोणी टाकीत नाहीं, रोजनिशी कोणी ठेवीत नाहीं, हें खरें. परंतु तेवढ्यावरून लिहिणेंच संपलें असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. माझी समजूत तर अशी आहे कीं, आज मराठी घरांत रोज जितका मजकूर लिहिला जातो तितका पूर्वीं कधींहि लिहिला गेला नसेल. सकाळीं उठल्यापासून निजेपर्यंत घरांतला प्रत्येक जण हातांतल्या फोनवर कांहीं ना कांहीं लिहीत असतो. प्रवासाची हकीकत असते, आजारी माणसाची खुशाली असते, एखाद्या पदार्थाची कृति असते, वर्तमानपत्रांतल्या बातमीवरचा अभिप्राय असतो. तेव्हां लिहिलें जातें कीं नाहीं, हा प्रश्न नव्हे. लिहिलेलें कोठें राहतें, तें कोणाच्या ताब्यांत असतें आणि दहा वर्षांनीं शोधूं गेल्यास तें सांपडेल कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें मूळ समजण्यासाठीं वेबच्या जन्मकाळाकडे थोडें वळलें पाहिजे. इंग्रज शास्त्रज्ञ टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ च्या मार्च महिन्यांत ही कल्पना प्रथम कागदावर मांडली. ते त्या वेळीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत काम करीत होते. तेथें निरनिराळ्या देशांचे संशोधक येत; प्रत्येकाचें यंत्र वेगळें, टिपणें ठेवण्याची रीत वेगळी. एकाचें टिपण दुसऱ्यास सहज वाचतां यावें, एवढाच मूळचा हेतु. मागेल त्यास पान काढून देणारें जें यंत्र, त्यास सर्व्हर म्हणतात. जगांतला असा पहिला सर्व्हर म्हणजे त्यांच्या खोलींतला एक टेबलावर मावणारा संगणक होता. हें यंत्र सर्व्हर आहे, हें कोणीं बंद करूं नये, अशी चिठ्ठी तांबड्या शाईनें लिहून त्यांनीं ती त्यावर चिकटवून ठेवली होती. केर काढणाऱ्या गड्यानें त्या काळीं चुकून खटका दाबला असता, तर सगळें वेब तेवढ्यापुरतें मालवलें असतें!

या कथेंतला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. बर्नर्स-ली यांनीं पानें पाहण्यासाठीं जें पहिलें साधन तयार केलें, ज्यास आपण ब्राउझर म्हणतों, त्यांत वाचणें आणि लिहिणें या दोन्ही सोयी होत्या. जो वाचक तोच लेखक, अशी ती योजना होती. पुढें ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें हें सारें तंत्र सर्वांस विनामूल्य खुलें केलें. आणि त्याच वर्षीं मोझॅक नांवाचा जो ब्राउझर लोकप्रिय झाला, त्यांत वाचण्याची सोय उत्तम होती, चित्रें सुरेख दिसत, पण लिहिण्याची सोय नव्हती. वाचणाऱ्यांची संख्या भराभर वाढली. लिहावयाचें झाल्यास मात्र वेगळी विद्या शिकावी लागे, किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशीं जावें लागे. बहुतेकांनीं दुसरी वाट धरली, यांत नवल नाहीं.

असें दार उघडून बसणारे पुष्कळ निघाले. १९९४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या जिओसिटीज या कंपनीनें लोकांस पानें मांडण्यासाठीं फुकट जागा दिली. तिच्या निरनिराळ्या आळ्या असत आणि प्रत्येकानें आपल्या आवडीच्या आळींत बिऱ्हाड करावें, अशी रचना होती. १९९९ सालीं ती कंपनी याहूनें विकत घेतली आणि २००९ च्या आक्टोबरांत तें सारें शहर बंद केलें. कांहीं उत्साही लोकांनीं धांवपळ करून त्यांतला बराच भाग उतरवून ठेवला, म्हणून त्याचे अवशेष तरी पाहावयास मिळतात. आपल्याकडे ज्यावर तरुण मंडळींचा मुक्काम असे तें ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलांत आटोपलें. हीं उदाहरणें कोणाला दोष देण्यासाठीं सांगत नाहीं. व्यापारी आपलें दुकान चालत नाहींसें झाल्यावर फळ्या लावणार, हें उघड आहे. दुकानाच्या ओट्यावर आपण आपला ट्रंक ठेवला होता, हें मात्र आपल्या ध्यानांत राहत नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका बाईंनीं आपल्या सासूबाईंच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या ऐकून ऐकून अशाच एका फुकट मिळालेल्या जागेंत लिहून ठेवल्या होत्या. दोनशेंच्या वर असतील. वही हरवते, वहीला वाळवी लागते, त्यापेक्षां हें बरें, असा त्यांचा हिशेब. आणि तो त्या वेळीं कोणालाहि पटण्यासारखाच होता. कांहीं वर्षांनीं जागा देणाऱ्या कंपनीनें तो उद्योग आवरता घेतला. तशी सूचना तिनें रीतसर पाठविली होती. पण ती गेली बाईंच्या जुन्या ईमेलवर, आणि ती पेटी नोकरी बदलल्यापासून त्यांनीं उघडली नव्हती. नातवंडांना दाखवाव्या म्हणून एके दिवशीं त्या ओव्या पाहूं गेल्या, तों तेथें कांहींच नव्हतें. सासूबाई आदल्या वर्षीं वारल्या होत्या.

मग यावर तोड काय? तोड जुनीच आहे, आणि वाटते तितकी अवघड नाहीं. ती समजण्यास पत्ता आणि जागा या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. आपण ब्राउझरमध्यें जें नांव लिहितों त्यास डोमेन म्हणतात. यंत्रें एकमेकांस नांवानें ओळखीत नाहींत, आंकड्यांनीं ओळखतात. तेव्हां अमुक नांव म्हणजे अमुक आंकडा, हें सांगणारी एक जगभर पसरलेली नोंदवही १९८३ सालापासून चालत आली आहे. आपलें नांव या वहींत नोंदवून ठेवलें म्हणजे पानें कोणाच्याहि यंत्रावर ठेवतां येतात. एका जागावाल्याशीं पटलें नाहीं, किंवा त्यानें दुकान बंद केलें, तर पानांच्या प्रती दुसरीकडे हलवाव्या आणि वहींत नांवापुढचा आंकडा बदलून घ्यावा. वाचकाला कळतहि नाहीं. आळींतले वैद्यबुवा एका वाड्यांतून दुसऱ्या वाड्यांत गेले, पण पाटी आणि रोगी दोन्ही बरोबर घेऊन गेले, असा हा प्रकार आहे. २०१४ सालापासून तर ‘.भारत’ हें देवनागरी उपपद लावून मराठींतहि असें नांव घेतां येतें.

येथें एक खुलासा केला पाहिजे. डोमेन कोणाच्याहि कायमच्या मालकीचें होत नाहीं. तें ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्यानें मिळतें आणि मुदत संपण्यापूर्वीं पट्टा नवा करावा लागतो. तो चुकला तर नांव दुसरा कोणी घेऊं शकतो. पण पट्टा आपल्या नांवें असणें आणि दुसऱ्याच्या घरीं पाहुणा म्हणून राहणें, यांत पुष्कळ अंतर आहे. अमेरिकेंतील मराठी मंडळींनीं १९९६ सालीं सुरू केलेलें मायबोली हें संकेतस्थळ आजहि त्याच नांवानें उघडतें. त्याच्यामागून आलेलीं आणि त्याहून कितीतरी श्रीमंत अशीं स्थळें मध्यंतरीं येऊन गेलीं.

मराठीपुरतें बोलावयाचें तर आणखी एक अडचण बरीच वर्षें आड येत होती. आरंभीं देवनागरी अक्षरांस यंत्रांत स्वतंत्र स्थानच नव्हतें. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरी आकृति बसवून काम भागवीत, आणि प्रत्येक फाँट करणाऱ्याची मांडणी निराळी असे. तोच फाँट वाचणाऱ्यापाशीं नसला कीं त्यास नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. १९९१ सालीं यूनिकोड या सर्वमान्य पद्धतीची पहिली आवृत्ति निघाली, तींत देवनागरीस १२८ घरें मिळालीं. त्या पद्धतींत ‘क’ चा क्रमांक २३२५. मग यंत्र जपानचें असो कीं जळगांवचें. हें वळण घरोघर रुळण्यास पुढें बराच काळ गेला. पण आतां तें रुळलें आहे, आणि म्हणून साध्या अक्षरांत लिहिलेलें पान ही फार टिकाऊ वस्तु झाली आहे. बर्नर्स-ली यांचें अगदीं आरंभींचें पान आजच्या फोनवरहि नीट वाचतां येतें. त्यास जागाहि किती लागते? प्रचलित पद्धतींत देवनागरीच्या एका चिन्हास तीन बाइट लागतात. या हिशेबानें माझें हें सगळें भाषण फोननें काढलेल्या एका साध्या छायाचित्राच्या शंभराव्या हिश्शाइतक्या जागेंत आरामांत मावेल.

वाचकांस कळणार कसें, अशी शंका कोणी काढील, आणि ती रास्त आहे. मोठ्या स्थळावर आयती वर्दळ असते. परंतु यासाठींहि एक साधी युक्ति १९९९ सालापासून उपलब्ध आहे. तिला आर.एस.एस. म्हणतात. लेखकानें आपल्या स्थळावर नव्या पानांची एक यादी ठेवावयाची. वाचकाचें यंत्र ती यादी अधूनमधून पाहून येतें आणि नवें कांहीं असल्यास त्याच्यापुढें ठेवतें. कोणतें आधीं दाखवावें, कोणतें झांकावें, हें ठरविणारा मध्यस्थ येथें नाहीं. गूगलनें अशा याद्या वाचण्याचें आपलें लोकप्रिय साधन १ जुलै २०१३ रोजीं बंद केलें, तेव्हां आतां ही पद्धतच मेली असें पुष्कळांनीं म्हटलें. ती मेली नाहीं, कारण ती कोणा एकाची नव्हतीच. आपण पॉडकास्ट म्हणून जे कार्यक्रम ऐकतों ते बहुतांशीं याच यादीच्या जोरावर घरोघर पोंचतात.

आतां कामाच्या रीतीविषयीं, कारण मला स्वतःला या विषयाची गोडी लागली ती या बाजूनें. मी एका कचेरींत नोकरी करतों. तेथें प्रत्येक गोष्ट मोजली जाते. निरोपास किती मिनिटांत उत्तर गेलें, महिन्यांत किती प्रकरणें निकालांत निघालीं, याचे तक्ते भिंतीवर झळकतात. मोजमापाशिवाय मोठा कारभार चालत नाहीं, हें मला मान्य आहे. पण कचेरीचा हा तक्ता आतां खिशांतून घरीं येतो. फ्रान्समध्यें १ जानेवारी २०१७ पासून असा कायदा अंमलांत आहे कीं, ५० च्या वर नोकर असलेल्या कंपन्यांनीं कामाच्या वेळेबाहेर निरोपांपासून अलिप्त राहण्याच्या नोकरांच्या हक्काविषयीं त्यांच्या प्रतिनिधींशीं बोलणीं करावीं. चांगली गोष्ट आहे. परंतु नोकरींतून सुटलेला मनुष्य रात्रीं जेवण झाल्यावर हौसेनें चार ओळी लिहितो, आणि त्या ओळींखालीं पुन्हां आंकडाच उभा राहतो : इतक्यांनीं पाहिलें, इतक्यांस आवडलें. दुसऱ्या दिवशीं तो नकळत असें लिहूं लागतो कीं ज्यानें आंकडा वाढेल. हौसेची वेळहि अशी कचेरीची होते, आणि या जादा कामाचा पगार कोणी देत नाहीं. यावर कायदा कोणता करणार?

अशा वेळीं मला विष्णुशास्त्री चिपळूणकरांची आठवण होते. १८७४ सालीं त्यांनीं ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हां ते सरकारी शाळेंत शिक्षक होते. दिवसा शाळा, मध्यंतरीं रत्नागिरीची बदली, आणि या सगळ्यांत सात वर्षांत मालेचे ८४ अंक. त्यांतलें जवळजवळ सर्व लेखन त्यांचें एकट्याचें आहे. विषय मोठा असला कीं निबंध अनेक अंकांतून चालत राही. अंकाच्या सोयीसाठीं त्यांनीं विचार छाटला नाहीं. ते पुढें १८७९ सालीं नोकरी सोडून मोकळे झाले हें सर्वांस ठाऊक आहे, पण मला अधिक अद्भुत वाटतात तीं नोकरींतलीं वर्षें. पगार सरकारचा, आणि मासिकाची लांबी, भाषा, मत सर्वस्वीं आपलें, अशी विभागणी त्यांनीं मनांत करून ठेवली होती. छापखान्याचा खर्च आणि वर्गणीची वसुली हीं त्यांच्या पाठीमागें होतीं. आपल्यामागें तींहि नाहींत.

स्वतःच्या पत्त्यावर लिहिण्याचा अनुभव मी गेलीं कांहीं वर्षें घेत आहें. माझ्या पानांवर वाचकांची मोजदाद करणारें यंत्र मीं बसविलेलें नाहीं. त्यामुळें एखादा लेख तीन महिने अर्धवट पडून राहिला तरी कोणी डिवचीत नाहीं, आणि पुरा झालेला लेख दोन वर्षांनीं पुन्हां दुरुस्त करावासा वाटला तर तेंहि करतां येतें. वाचक थोडे आहेत. कधीं सहा सहा महिने कोणाचें पत्र येत नाहीं. मग अचानक परगांवाहून कोणी लिहितो कीं, अमुक पानावर आपण कल्हईवाल्यांच्या कामाविषयीं जें लिहिलें आहे त्यांत नवसागराचें प्रमाण सांगितलें नाहीं. अशा पत्राचें मोल आंकड्यांत कसें करावें?

प्रत्येकानें हें करावेंच, असा माझा आग्रह नाहीं. ज्याचा व्यापार आहे त्यास बाजारांत उभें राहिलेंच पाहिजे. शिवाय मोठ्या स्थळांवर आपलीं माणसें असतात. त्यांच्याकडे पाठ फिरविण्यांत शहाणपण नाहीं. स्वतंत्र पानांचा पुरस्कार करणाऱ्या कांहीं मंडळींनीं २०११ सालीं अमेरिकेंत पोर्टलंड येथें एकत्र येऊन जी चळवळ उभी केली, तिच्या सांगण्याचा मधला मार्ग मला पसंत आहे : मूळ लेख आधीं आपल्या पत्त्यावर ठेवावा आणि मग त्याच्या प्रती हव्या तितक्या बाजारांत पाठवाव्या. बाजार उठला तरी मूळ प्रत घरीं राहते. जेवणाचे फोटो आणि सणाच्या शुभेच्छा यांसाठीं एवढी यातायात नको. पण आजोबांच्या आठवणी, आजीच्या ओव्या, आपण जन्मभर केलेल्या धंद्यांतले बारकावे, हें मात्र दुसऱ्याच्या ओट्यावर ठेवण्याजोगें नाहीं.

शेवटीं, श्रोतेहो, एक अगदीं घरगुती सूचना. लेखकाच्या मागें या पानांचें काय होणार? भाडेपट्टा कायमचा नसतो. बँकेचीं आणि विम्याचीं कागदपत्रें ज्या कपाटांत असतात, तेथेंच एक लहानशी वही ठेवावी. तींत डोमेनचें नांव, तें कोणाकडे नोंदलें आहे, पट्ट्याची मुदत कोणत्या महिन्यांत संपते, पानांची प्रत घरांतल्या कोणत्या डिस्कवर आहे, आणि तेथें शिरण्याचा परवलीचा शब्द कोणास विचारावा, हें सुवाच्य अक्षरांत लिहावें. वही कागदाचीच असावी, आणि ती कोठें आहे हें घरांतल्या निदान दोघांना ठाऊक असावें.