गल्लीची गाडी

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं एक अधिसूचना काढली. वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीची नोंदणी पुढं चालू ठेवायची तर शुल्क दोन हजार रुपये. पंधरा वर्षांवरच्या गाडीला एप्रिल २०२२ पासून एक हजार पडत होतेच, त्याआधी तीनशेत भागायचं. आपल्या राज्याचा हरित कर वेगळा. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला नवी नंबरप्लेट हवी, तिचे साडेचारशे आणि वर जीएसटी. माझ्या कॉलेजच्या दिवसांत शिकाऊ पोरं एका जुन्या मोटारसायकलीसाठी जेवढे पैसे जमवायची, त्याच्या निम्म्यात आता नुसते कागद जमतात.

बातमी आली तेव्हा ओळखीतल्या जुन्या यामाहा आरएक्सवाल्यांनी छाती बडवून घेतली. त्यांना काही होत नाही. ज्यानं जुन्या गाडीच्या नुसत्या रंगावर आणि क्रोमवर हजारो रुपये उडवलेत, त्याला हे दोन हजार म्हणजे सुपारी-पानाचा खर्च. मार बसतो तो गाडी न येणाऱ्याला. खिसा रिकामा आहे आणि आपटली तरी घरात कुणी जेवण सोडणार नाही अशी एखादी दुचाकी हवी आहे, अशा माणसाला. त्याच्यासाठीची गाडी कोल्हापुरात एके काळी होती. ती कुठं गेली याचा कुणी शोध घेत नाही, म्हणून मी घेतो.

साठ-सत्तरचं दशक माझ्यासाठी ऐकीव आहे, आणि ऐकून ऐकून कंटाळा आलेलं. मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा आणि मग येझदी, आणि पोलंडच्या एका गाडीवरून एस्कॉर्ट्सनं १९६२ पासून बनवलेली राजदूत. साखर कारखान्यांमुळं गावात पैसा आला, राजदूतला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लागले, लग्नाच्या याद्यांत तिचं नाव आलं. नव्या गाडीला नंबर लावून बसायचं, त्यामुळं जुनीचा भावही चढाच. शिकाऊंची सोय अशी काही नव्हतीच. मामाची गाडी, आणि मामा दुपारचा झोपला की रस्ता, एवढंच. रम्य काळ असेल. सोडून देऊ.

मग १९८४ ते ८६ या तीन वर्षांत जपानी जोडनावांच्या शंभर सीसी गाड्या एकामागून एक उतरल्या. इंड-सुझुकी, हिरो होंडाची सीडी हंड्रेड, यामाहाची आरएक्स हंड्रेड, कावासाकी बजाजची केबी हंड्रेड. तेव्हा त्या आमच्या नव्हत्या. त्या सराफकट्ट्याच्या आणि बागायतदारांच्या पोरांच्या होत्या. पण गाडी पाच-सहा वर्षांची झाली की पहिला धनी ती काढतो. १९९१च्या सुमारास या हलक्या, आटोपशीर, सहज किक बसणाऱ्या गाड्या जुन्या बाजारात यायला लागल्या आणि त्याच धक्क्यानं राजदूत-येझदीचे भाव कोसळले. त्यानंतरची दहा वर्षं शिकाऊ माणसाची. असं दशक आधी आलं नव्हतं, नंतरही आलं नाही.

आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत त्या काळात एक गाडी होती. तिची कंपनी सांगता येत नाही, कारण टाकीवरचं नाव कधीच खरवडून गेलं होतं आणि पुढं कुणीतरी तिथं अंबाबाईचं स्टिकर लावलं. गल्लीतल्या एकानं ती गडहिंग्लजकडच्या एका गुरुजींकडून आणली. तो शिकला, नोकरी लागली, त्यानं ती शेजारच्याला दिली. दर वेळी पाचशे-हजारानं उतरत ती असं घर बदलत राहिली. माझ्याकडं आली तेव्हा तिचा सगळा इतिहास मला पाठ होता. डावा इंडिकेटर कुणी मोडला, टाकीला पोचा कुणाच्या वरातीत पडला, पुढचा मडगार्ड रंकाळ्याच्या कठड्यावर कधी घासला, सगळं. लपवायला जागाच नव्हती. विकणारा माझ्या दारावरून रोज तालमीला जायचा. खोटं बोलला असता तर आईनं त्याच्या आईला सांगितलं असतं. आज कागदावर जी हमी मिळते ती मी पाहिली आहे. गल्लीच्या या हमीपुढं ती फार पातळ वाटते.

गल्लीबाहेरची गाडी घ्यायची तर आमचे मिस्त्री. उद्यमनगरात एका लेथच्या बाजूला त्यांचं गॅरेज होतं, म्हणजे एक पत्रा आणि एक बाकडं. विकणाऱ्याच्या दारात गाडी बघायला गेले की ते आधी किक मारत नसत, इंजिनाला हात लावत. गरम लागलं तर विकणाऱ्याकडं बघून हसायचे. आधीच तापवून ठेवलेली गाडी म्हणजे गार इंजिन किक घेत नाही, हे उघड. "रंग काय बघतोयस," मला म्हणायचे, "वास घे, आवाज ऐक." मग सायलेन्सरच्या तोंडात बोट. फोर-स्ट्रोकचं बोट काळं कोरडं निघालं तर ठीक, तेलकट निघालं तर रिंगा गेल्या. निळा धूर दिसला की फोर-स्ट्रोकला नापास. टू-स्ट्रोकला मात्र थोडा निळा धूर माफ, कारण तिथं पेट्रोलबरोबर तेल जळतंच, धूर काढणं हा तिचा जन्मजात स्वभाव.

मीटरवर त्यांचा काडीचा विश्वास नसे. मीटरची केबल काढायला मिनिट लागत नाही, वर्षभर काढून ठेवली की गाडी कागदावर तरुण राहते. ते ब्रेकच्या पायटीकडं आणि फूटरेस्टच्या रबराकडं बघायचे. बारा हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचं रबर गुळगुळीत आणि पायटीचं लोखंड चमकतंय, म्हणजे त्याच्या तिप्पट तरी पळाली. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागंपुढं हलवायची, खटखट आली तर कोनसेट गेला. मागं दहा पावलांवर उकिडवं बसून दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का बघायचं. चेनच्या दातऱ्या टोकदार झाल्या असतील तर चेन-किटचे पैसे भावातून कापायचे. टाकीचं झाकण उघडून उन्हात आत डोकावायचं, तांबूस दिसलं तर कार्बोरेटर दर महिन्याला हात जोडायला लावणार. आणि शेवटी चासी नंबर. हँडलच्या खाली, मानेपाशी कोरलेला. ते स्वतः वाचत नसत, गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचायला लावत आणि आरसी बुक आपल्या हातात धरत.

एवढं झालं की पन्हाळा. शहरापासून वीसेक किलोमीटर, आणि शेवटी तो चढ. क्लच प्लेटा संपल्या असतील तर सपाटीवर गाडी ते सांगत नाही. चढाला लागली की इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर. मिस्त्री मागं बसत, कारण दोन माणसांचं वजन लागतं. वर पोचलो तर सौदा पुढं, नाहीतर न्यूटलवर उतरून परत. विकणाराही तक्रार करत नसे. पेट्रोल आपलं, झुणका-भाकर आपली, त्याचं काय जायचंय?

शिकाऊनं कुठली घ्यावी यावर तेव्हा गल्लीत जी भांडणं व्हायची त्यांचा निकाल आता लावून टाकतो, विरोधी पक्षातले बरेच जण गुडघेदुखीनं घरी बसलेत. बुलेटवाले म्हणायचे, शिकायचं तर बुलेटवर, बाकी सगळी खेळणी. ज्या गाडीचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, जी कलंडली तर नवख्याला एकट्याला उचलत नाही, तिच्यावर शिकून पुढं दुसरी कुठलीही गाडी धरली की संकटाच्या वेळी नेमका चुकीचा पाय दाबला जायचा. येझदीची किक तीच गिअरची दांडी, आत दाबून वर फिरवायची. नवशिक्याचा सिग्नलवर गोंधळ व्हायला आणखी काय लागतं? आणि आरएक्स. अठ्ठ्याण्णव सीसीत अकरा अश्वशक्ती आणि शंभर किलोच्या आसपास वजन, पुढं-मागं ड्रम ब्रेक. फार सुंदर गाडी होती, आणि शिकणाऱ्याच्या हातात द्यायच्या लायकीची अजिबात नव्हती. हे मी तेव्हाही म्हणत होतो. तेव्हा मला भित्रा म्हणणाऱ्यांनी आज आपल्या मुलांना काय घेऊन दिलंय ते मी बघतो.

शिकायला सगळ्यात बरी सीडी हंड्रेडच्या जातीची. चारही गिअर खाली दाबायचे, बसायला बुटकी, क्लच मऊ, पडली तर लेगगार्डवर पडते. जाहिरातीत ती भरून झाकून विसरून जायची गाडी होती, आणि गंमत म्हणजे जुन्या बाजारात तिची अडचण तीच होती. पहिला धनी इंजिन ऑइलसुद्धा विसरून गेलेला असायचा. त्या एका जाहिरातीनं या देशाला गाडी म्हणजे मायलेज एवढंच शिकवलं. सौद्याला आलेला प्रत्येक काका पहिला प्रश्न तोच विचारणार. ब्रेक लागतो का, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही.

सीमेपलीकडच्या गाड्यांचा एक वेगळाच मोह असायचा. निपाणी चाळीस किलोमीटरवर, आणि केए-२३ची गाडी एमएच-०९च्या गाडीपेक्षा स्वस्त. पण तिकडची ना-हरकत, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म, मग इकडचा कर, नवा नंबर. यात एजंट नावाची जमात पोसली गेली. तो आधी "होऊन जातंय की" म्हणायचा आणि पैसे घेतल्यावर गावाला जायचा. मला जो भेटला त्यानं नंतर राजकारणात बरं नाव काढलं, आश्चर्य वाटलं नाही.

गल्लीच्या गाडीचं कौतुक सांगताना एक गोष्ट झाकायची नाही. कितीतरी पोरं तिच्यावर शिकली, पण आरसी बुकावर नाव शेवटपर्यंत गडहिंग्लजच्या गुरुजींचं. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर त्यांच्या कोऱ्या सह्या घेऊन ठेवल्या होत्या, ते कागद गाडीबरोबर हस्तांतरित होत. विमा संपलेला. आमच्यापैकी कुणी एखाद्या म्हातारीला उडवलं असतं तर समन्स त्या बिचाऱ्या माणसाला गेलं असतं. आमच्यापैकी निम्म्यांकडं शिकाऊ लायसनही नव्हतं, हेल्मेट तर फक्त पोलिसांच्या परेडला बघितलेलं.

आणि दुसरी गोष्ट माझ्या भाचीनं परवा तोंडावर मारली. मी रंगात येऊन हे सगळं सांगत होतो. ती म्हणाली, "मामा, त्या गाडीवर गल्लीतली एक तरी मुलगी शिकली का?" नाही. मुलींना लूना, मग सनी, मग स्कूटी. तीसुद्धा नवी, आणि भाऊ क्लासला सोडायला मोकळा नसेल तर. मोडक्या गाडीवर पडून शिकायची मुभा फक्त आम्हाला होती. मी विषय बदलला नाही, पण चहा मागवला.

२००१च्या शेवटी पल्सर आली आणि माझ्या दृष्टीनं तिथं संपलं. गाडी वाईट नव्हती. पण तिच्याबरोबर दारोदार कर्ज आलं. थोडे हजार भरा, बाकी हप्ते. शिकायच्या आधीच नवी गाडी दारात. जी उचलायला भीती वाटते अशी नवी कोरी गाडी घेऊन पोरं शिकायला लागली, आणि ओरखडा पडेल म्हणून वळण घ्यायची भीती त्यांच्या हातात बसली ती बसलीच. पुढच्या वीस वर्षांबद्दल माझ्याकडं सांगण्यासारखं फार नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. हवा सुधारली असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण मिस्त्रींचा कान आणि बोट दोन्ही निवृत्त झाले. आता दिवा लागला की स्कॅनर लावायचा. त्यांनी गॅरेज बंद केलं, ती जागा मोबाइलच्या दुकानाला दिली.

आणि मधल्या काळात त्या जुन्या गाड्यांचं सोनं झालं. १९९६ साली बंद झालेली आरएक्स चांगल्या अवस्थेत लाखाच्या वर मागतात. येझदीचा म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला, तिचेही आता भक्त आहेत. फुकट द्यायच्या लायकीच्या झालेल्या गाड्या गोठ्यांतून उचलून नेल्या, चकचकीत केल्या आणि रविवारी सकाळी पन्हाळ्याला फोटोसाठी नेतात. चढाला क्लच तपासायला कुणी जात नाही. सायलेन्सरची आतली जाळी काढून टाकतात, म्हणजे खालच्या गावाला कळावं.

भाचीला तीसेक हजारांत जुनी गाडी हवी आहे, गिअरची. २०२१ पासून शिकाऊ लायसन आपल्याकडं घरबसल्या परीक्षा देऊन मिळतं, ते तिनं काढलं. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेतीनशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला, म्हणून घरातले सगळे म्हणतात नवीच घे. मी एकटा तिच्या बाजूनं. म्हणून आम्ही परवा एका मोठ्या, वातानुकूलित जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. ओळीनं गाड्या, सगळ्या धुतलेल्या, प्रत्येकीवर तपासणीचा छापील कागद. आधीचा मालक कोण? ते सांगता येत नाही, सर. गाव? नाही. मी इंजिनाला हात लावला, गरम होतं. चासी नंबर मात्र भाचीनं स्वतःहून मोठ्यानं वाचला, तेवढं बरं वाटलं.

भाव काही वाईट नव्हता. मी त्या पोराला म्हटलं, चढाला बघून येतो, पन्हाळ्यापर्यंत, पेट्रोल आमचं, तुम्हीही मागं बसा.

तो हसला नाही. त्यानं खिडकीतून बोट दाखवलं. "सर, टेस्ट राइड त्या कॉर्नरपर्यंत. तिथून यू-टर्न."