कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यांची ॲलर्जी

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांत भुरी रोगाच्या नियंत्रणासाठी गंधक वापरले जाते. त्याने डोळे चुरचुरतात, तर धूळ व परागकणांच्या ॲलर्जीने खाज सुटते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवतो; कारण हे कण लेन्सला चिकटून दिवसभर डोळ्यांतच राहतात. अशा वेळी डोळे न चोळता, हात स्वच्छ धुऊन लेन्स काढाव्यात, मिटलेल्या पापण्यांवर थंड पाण्याची पट्टी ठेवावी व चष्मा लावावा. लेन्स नळाच्या पाण्याने कदापि धुऊ नयेत. जंतुसंसर्ग होऊन दृष्टी गमावण्याचा धोका संभवतो. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी तात्पुरता आराम वाटतो. मात्र ते दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू उद्भवू शकतो. वेदना वा अंधुकपणा जाणवल्यास नेत्रतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे.