भाडेवाढीची चिठ्ठी आणि संवत २०४३ ची वही

गेल्या दिवाळीनंतर रामटेकच्या बाजारपेठेतील एक किराणा व्यापारी स्नेही सायंकाळी माझ्याकडे आले. दुकान आजोबांच्या काळापासून भाड्याच्या जागेत. हाती जागामालकाच्या नातवाची चिठ्ठी होती : पुढील महिन्यापासून भाडे दरमहा ९,००० रुपये राहील, मान्य नसल्यास दुकान रिकामे करावे. चालू भाडे होते २,५०० रुपये. स्नेही संतापलेले होते. म्हणाले, "साहेब, आता एक पैसाही देणार नाही. जायचे असेल तर जाऊ दे त्याला कोर्टात."

मी त्यांना प्रथम पाणी दिले आणि सांगितले की, नेमके हेच करू नका. भाडेवाढ बेकायदेशीर असली तरी कायदेशीर भाडे देणे बंद करण्याचा अधिकार भाडेकरूला मिळत नाही. बँकेतील नोकरीत मी अनेक व्यापाऱ्यांची कागदपत्रे पाहिली. दुकान हातचे गेले ते बहुधा वाढ नाकारल्यामुळे नव्हे, तर रागाच्या भरात थकविलेल्या भाड्यामुळे.

आपल्या विदर्भातील जुनी मंडळी आजही 'रेंट कंट्रोलरकडे जाऊ' असे म्हणतात. तो काळ मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४९ च्या भाडे नियंत्रण आदेशाचा. तेव्हा नियंत्रक वाजवी भाडे ठरवीत असे आणि त्याच्या परवानगीवाचून मालकाला भाडेकरूस जागा सोडण्याची नोटीस देता येत नसे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि मुंबईचा, विदर्भाचा व मराठवाड्याचा असे तिन्ही जुने कायदे मागे पडले. आता असा वाद नियंत्रकापुढे चालत नाही. नागपूर शहरात लघुवाद न्यायालय आहे. तालुक्याच्या गावी तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे जातो. निर्णय मान्य नसल्यास ३० दिवसांच्या आत जिल्हा न्यायालयात अपील करता येते.

हा कायदा निवासाबरोबरच व्यापार, साठवण व शिक्षण यांसाठी दिलेल्या जागांनाही लागू आहे. मात्र आपले गाव त्याच्या अनुसूचीत आहे ना, हे वकिलाकडून आधी पाहून घ्यावे. कलम ६ मध्ये काही जागा प्रमाण भाड्याच्या तरतुदींतून वगळल्या आहेत, तेही तपासावे.

आता हिशेब. प्रमाण भाडे पूर्वी न्यायालयाने वा नियंत्रकाने ठरविलेले नसेल, तर १ ऑक्टोबर १९८७ रोजीचे भाडे हा त्याचा पाया आहे. त्या दिवशी जागा भाड्याने नसेल तर त्यापूर्वीचे शेवटचे भाडे धरतात. कलम ११ नुसार मालकाला दरसाल ४ टक्के वाढ घेता येते. २,५०० रुपयांवर एका वर्षाची वाढ १०० रुपये होते. भाडेकरूंपैकी ७० टक्क्यांच्या लेखी संमतीने इमारतीत सुधारणा केली, तर त्या खर्चाच्या वार्षिक १५ टक्क्यांपर्यंत वाढ मागता येते. स्थानिक कर वाढल्यास त्याचाही भार मागता येतो. 'बाजारात भाव वाढले' हे कारण या कायद्यात कोठेही नाही. कलम १० प्रमाणे प्रमाण भाडे व अनुज्ञेय वाढ यांहून अधिक मागणे वा घेणेच बेकायदेशीर आहे.

पण हा हिशेब सिद्ध कशाने करायचा? पावत्या देणे कलम ३१ ने मालकावर बंधनकारक असले, तरी ओळखीच्या व्यवहारात त्या कोणी मागत नाही. माझ्या स्नेह्यांकडे १९९५ पूर्वीची एकही पावती नव्हती. मग मी त्यांना जुन्या वह्यांविषयी विचारले. आपल्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या वह्या टाकून देत नाहीत, हे मला ठाऊक होते. १९८७ ची दिवाळी २२ ऑक्टोबरला होती. म्हणजे १ ऑक्टोबर हा दिवस नव्या संवताच्या वहीत नव्हे, तर संवत २०४३ च्या वहीत सापडणार. दोन दिवस माळ्यावर धूळ उपसल्यावर ती मिळाली. भाडे खात्यावर दरमहा ६०० रुपये खर्ची पडलेले आणि प्रत्येक नोंदीपुढे सध्याच्या मालकाच्या आजोबांची सही. नित्यनेमाने लिहिलेल्या हिशेबवह्यांतील नोंदी पुराव्यात ग्राह्य असतात. केवळ नोंदीवर कोणाची देणेदारी ठरत नाही, हे खरे. पण घेणाऱ्याची सही असेल तर त्या नोंदीचे वजन फार वाढते. जोडीला नगर परिषदेच्या कर आकारणीचा उतारा, दुकान परवाना व वीजबिले ठेवावीत. पावत्या वडिलांच्या नावाच्या असतील तरी घाबरू नये. मूळ भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्या जागेत त्यांच्यासोबत व्यवसाय करणारा कुटुंबीय भाडेकरू ठरू शकतो.

६०० रुपयांपासून हिशेब कसाही मांडला तरी तो २,५०० पर्यंत पोचत नव्हता. म्हणजे आमचे स्नेही तोंडी कबुलीने कायद्याहून अधिकच भाडे देत आले होते.

वकिलांनी मालकाला लेखी उत्तर पोचपावतीसह पाठविले : ९,००० ची मागणी अमान्य, ४ टक्के वाढीसह २,६०० रुपये देण्यास तयार. त्याच दिवशी २,६०० चा धनादेश रवाना झाला. तो परत आला. लिफाफा जपून ठेवला आणि पुढील महिन्यापासून रक्कम थेट मालकाच्या बँक खात्यात भरली. भाडेकरू प्रमाण भाडे व अनुज्ञेय वाढ देण्यास तयार आहे, तोवर कलम १५ त्याचे रक्षण करते. थकबाकीसाठी मालकाला लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याज व खर्चासह भरल्यास या कारणावरून ताबा जात नाही.

भाडे किती, यावरच वाद असेल तर भाडेकरूने स्वतः कलम ८ खाली प्रमाण भाडे ठरवून मागावे. कलम १५ ची नोटीस आल्यानंतर असा अर्ज केला, तर न्यायालय दरमहा काही रक्कम जमा करण्यास सांगते. ती चुकली तर अर्जच फेटाळला जातो. येथे आपली व्यापारी मंडळी 'हंगाम संपला की भरू' म्हणून घसरतात. मालकाने पाणी वा वीज तोडली तर कलम २९ खाली त्याच न्यायालयात दाद मागता येते. भाडेकरू महिला असेल, तर उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळू शकतो.

एका कागदापासून मात्र फार जपावे. वाद मिटविण्याच्या नावाखाली मालक अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार पुढे करतो. त्यावर सही केली की पन्नास वर्षांचा भाडेकरू एका दिवसात परवानाधारक झाल्याचे म्हणणे उभे राहते. माझ्या स्नेह्यांच्या हातीही असा मसुदा देण्यात आला होता.

दोन गोष्टी आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्याव्यात. नगर परिषदेच्या गाळ्यांना कलम ३ मुळे हा कायदा लागत नाही. तेथील वाढीविरुद्ध नगर परिषदेकडे लेखी हरकत, मग जिल्हाधिकारी आणि शेवटी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ असा मार्ग आहे. सरकारी मालकानेही भाडे वाढविताना वाजवीपणा राखला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मुंबई बंदराच्या प्रकरणात म्हटले आहे. दुसरे, ज्या कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल १ कोटी रुपये वा अधिक आहे, तिला या कायद्याचे संरक्षण नाही. करसल्लागाराच्या सांगण्यावरून पेढीची कंपनी करताना दुकानाची जागा भाड्याची आहे, हे त्यांना आधी सांगावे.

आपल्यापैकी अनेक जण मालकही आहेत, आणि त्यांचे दुःख खोटे नाही. गोठविलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी झाली आहेत, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात नमूद केले होते. आमच्या स्नेह्यांच्या मालकालाही गळक्या छताचा खर्च झेपत नव्हता. चिठ्ठीचे खरे कारण तेच निघाले.

वकिलांच्या कचेरीत दोघे समोरासमोर बसले, तेव्हा वही उघडली गेली. नातवाने आजोबांची सही बराच वेळ पाहिली आणि विचारले, "कायद्याने तर याहून कमी निघते. मग तुम्ही २,६०० का देता?" स्नेही म्हणाले, "तुमच्या वडिलांना कबूल केले होते." भाडे २,६०० ठरले. छताचा निम्मा खर्च स्नेह्यांनी स्वखुशीने उचलला. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकाची असते. तो करार माघात दुय्यम निबंधकांपुढे नोंदविला गेला. पावत्या आता दरमहा मिळतात आणि स्नेही त्या संवत २०४३ च्या वहीतच ठेवतात.