खाणीच्या पैशावर उभा राहिलेला फुटबॉल क्लब

सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज ट्रकांतून जाताना आपण पाहतो. माजरी, घुग्घुस, बल्लारपूरकडे तर कोळसा पिढ्यान्‌पिढ्या निघतो आहे. जमिनीतून निघणाऱ्या या पैशातून भागाला काय मिळतं, हा आपला नेहमीचा प्रश्न. गोव्यात या प्रश्नाचं एक उत्तर फुटबॉल होतं. साळगावकर आणि धेंपो या लोहखनिजाच्या धंद्यातल्या घराण्यांनी आपापले संघ पोसले. त्यांतल्या धेंपो स्पोर्ट्स क्लबची ही गोष्ट.

धेंपो म्हणजे मूळचं धेंपे, पणजीचं जुनं व्यापारी घराणं. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांतच, साठच्या दशकात, त्यांचा संघ उभा राहिला. पण देशभर डंका वाजला तो २००४ नंतर, प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याचीच पोरं. जोडीला गोलांचा पाऊस पाडणारा नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत संघानं पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. २००८ मध्ये आशियाई पातळीवरच्या एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली.

या वैभवाची सुरुवात मात्र एका मृत्यूनं झाली. डिसेंबर २००४ मध्ये बंगळूरला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना मोहन बागानशी होता. ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनिअरनं धेंपोचे दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो कोसळला, तो उठलाच नाही. चषक धेंपोनं जिंकला, पण त्याचा १० क्रमांकाचा सदरा क्लबनं पुढे कुणाला दिला नाही. त्याच हंगामात या संघानं पहिलं राष्ट्रीय विजेतेपदही खेचून आणलं.

आता पैशाकडे वळू. २००९ मध्ये धेंपो समूहानं आपला खाणव्यवसाय सेसा गोवाला विकला. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखाणीच थांबल्या. खाण गेली म्हणून क्लब लगेच बुडाला असं मात्र नाही. विक्रीनंतरही त्यानं दोन विजेतेपदं घेतली. खरा घाव दुसरीकडून बसला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि जुन्या आय-लीगला दुय्यम ठरवण्याचा बेत पुढे आला. नव्या लीगमधल्या एफसी गोवाच्या पहिल्या मालकांत धेंपो आणि साळगावकर ही दोन्ही घराणी होती, हेही सांगायला हवं! २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली. निर्णय मालकांचा, प्रेक्षकांनी तो पेपरात वाचला.

स्कॉटलंडमध्ये काउडनबीथ नावाचं कोळशाचं गाव आहे. तिथल्या खाणी केव्हाच बंद पडल्या. गावाचा क्लब २०२२ मध्ये मुख्य लीगमधूनही घसरला, तरी गाव आणि क्लब दोन्ही आहेत. एडिनबरोचा हार्ट्स क्लब २०१३ मध्ये दिवाळखोरीच्या दारात होता. प्रेक्षकांनी दरमहा थोडेथोडे पैसे घालून तो सावरला आणि २०२१ मध्ये बहुतांश मालकी त्यांच्याच संस्थेकडे आली. आपल्याकडे वेकोलिच्या एखाद्या कॉलनीतलं मैदान खाण संपल्यावर कुणाच्या ताब्यात राहतं, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

धेंपो मात्र संपला नाही. तो गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिला, पोरं घडवत राहिला. खालच्या पायरीवरून चढत २०२४-२५ च्या हंगामात तो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला.