खिळ्याविना जहाज चीनला पोहोचले!

व्यापाराच्या या पानावर जहाजाची कहाणी कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण ही कहाणी दर्यावर्दींच्या धाडसापेक्षा मालाची, मजुरीची आणि हुनराची अधिक आहे. सुतार, दोर वळणारे, शिवणकाम करणारे, लाकडाचे आणि काथ्याचे व्यापारी अशा सर्वांनी ती वाचावी, म्हणून आम्ही ती येथे देत आहोत.

२३ नोव्हेंबर १९८० रोजी ओमानच्या मस्कत बंदरातून 'सोहार' नावाचे शिडाचे जहाज निघाले. त्याच्या फळ्या जोडायला एकही खिळा वापरलेला नव्हता. लाकडाच्या फळ्या नारळाच्या सुंभाने एकमेकींना शिवलेल्या होत्या. हे जहाज अरबी समुद्र ओलांडून लक्षद्वीपच्या चेतलत बेटावर आले, तेथून कालिकतला गेले. मग श्रीलंका, सुमात्राचे साबांग, मलाक्का आणि सिंगापूर असे करीत जुलै १९८१ मध्ये ते चीनच्या कँटन बंदरात, म्हणजे आजच्या ग्वांगझोऊत पोहोचले. सुमारे ६,००० मैलांचा हा प्रवास साडेसात महिने चालला.

मोहिमेचे नेते होते टिम सेव्हरिन हे ब्रिटिश प्रवासी लेखक. सिंदबादच्या गोष्टींमागे अरब व्यापाऱ्यांचे खरे प्रवास किती आहेत, हे त्यांना स्वतः जाऊन पाहायचे होते. हजार-बाराशे वर्षांपूर्वी अरब व्यापारी ज्या प्रकारच्या जहाजातून चीनला जात, तसेच जहाज बांधावे आणि त्याच वाटेने न्यावे, असा त्यांचा बेत होता. ओमानचे सुलतान काबूस यांनी खर्चाचा भार उचलला. सेव्हरिन यांचे २०२० साली निधन झाले. त्यांच्या धाडसाचे कौतुक जगभर झाले आहे, त्यात आम्ही भर घालीत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते जहाज निघण्यापूर्वीच्या कामाविषयी.

लाकूड एकीकडचे, दोर दुसरीकडचा

ओमानजवळ समुद्र आहे, उत्तम दर्यावर्दी आहेत, पण जहाजाजोगे लाकूड नाही. ही अडचण आजची नाही. पूर्वापार ओमानचे व्यापारी लाकडासाठी मलबारकडे पाहत आले. जहाजाला लाकूड हवे, म्हणून हिंदुस्थानशी व्यापार. आणि व्यापार करायचा, म्हणून जहाज हवे. असा हा फेरा होता. सेव्हरिन यांनाही त्याच वाटेने जावे लागले. त्यांनी मलबारच्या जंगलातून फणसाच्या कुळातील 'आयनी' नावाच्या झाडाचे लाकूड निवडले. ते ओमानच्या सूर या गावी नेण्यात आले. सूर हे जहाजबांधणीचे जुने गाव.

लाकूड मिळाले, पण शिवणार कोण? ओमानमध्ये खिळ्यांनी जहाजे बांधण्याची रीत येऊन पिढ्या लोटल्या होत्या. एवढे मोठे जहाज शिवणारे हात तेथे उरले नव्हते. ते हात सापडले लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर. नकाशावर टाचणीच्या टोकाएवढे हे बेट. तेथील मुसलमान कारागीर आपल्या लहान होड्या सुंभाने शिवीत आले होते. सुतार मलबारहून आले, दोर आणि शिवणारे अगत्तीहून आले. सूरच्या किनाऱ्यावर १६५ दिवसांत जहाज उभे राहिले.

या जहाजाला किती सुंभ लागला असेल? सुमारे ४०० मैल! फळ्यांना सुमारे २०,००० भोके पाडावी लागली. दोन फळ्या कडेला कड भिडवून ठेवायच्या, सांध्यावर आतून काथ्याची जाड वळी बसवायची, आणि भोकांतून सुंभ ओवून ती वळी आवळून घ्यायची. काम जोडीने चाले. एक माणूस आत, दुसरा बाहेर. दोघांनी मिळून दोर असा ओढायचा की ढिलाईला जागाच राहू नये. नंतर भोके बुजवायची, लाकडाला आणि दोराला तेल पाजायचे. पाण्याखाली राहणाऱ्या भागावर चुना आणि मेंढीची चरबी यांचा लेप द्यायचा, म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्री किडा दूर राहतो.

ज्याने शिंप्याचे काम केले आहे त्याला हे लगेच समजेल. एक टाका सैल राहिला तर सदरा उसवतो. येथे एक टाका सैल राहिला तर पाणी आत येते, आणि आत माणसे असतात.

मालाची पारख

सुंभ म्हटला की तो सगळा सारखाच, असे आपल्याला वाटते. तसे नाही. लक्षद्वीपमध्ये नारळाची सोडणे किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत, भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजवीत ठेवतात. मग ती झोडपून काथ्या मोकळा करायचा आणि हाताने वळायचा. हे काम बेटांवर मुख्यतः स्त्रिया करीत आल्या आहेत. या धाग्याला खाऱ्या पाण्याची सवय झालेली असते. घाईघाईने काढलेल्या काथ्याचा दोर दिसायला तसाच, पण समुद्रात तसा टिकेलच असे नाही. म्हणून 'सोहार'साठी मिळेल तो स्वस्त दोर उचलला गेला नाही. हाताने वळलेल्या, खाऱ्या पाण्यातल्या सुंभाचाच आग्रह धरला गेला.

या सुंभाची कीर्ती जुनी आहे. इब्न जुबैर यांनी बाराव्या शतकात तांबड्या समुद्रावर शिवलेली जहाजे पाहिली आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवले. इब्न बतूता चौदाव्या शतकात मालदीवमध्ये राहिले. तेथला सुंभ हिंदुस्थान, येमेन आणि चीनपर्यंत जातो, अशी नोंद त्यांनी केली. उलट मार्को पोलोला होर्मुझची शिवलेली जहाजे अगदीच कुचकामी वाटली. त्याचे म्हणणे पूर्ण खोटे नव्हे. या जहाजांना नेहमी देखभाल लागते, तेलपाणी चुकले की शिवण कुजते. पण शिवण लवचिक असते. उथळ पाण्यात, खडकाळ किनाऱ्यावर धक्का बसला तर सांधा थोडा हलतो, फुटत नाही. फळी खराब झाली तर टाके उसवून नवी बसवता येते. शिवाय खाऱ्या पाण्यात लोखंडाला गंज चढतो, सुंभाला नाही.

'सोहार'ची कसोटी पुढे लागली. श्रीलंका सोडल्यावर वारा पडला. जहाज आठवडेच्या आठवडे समुद्रात रखडले. पिण्याचे पाणी पुरवून वापरावे लागले, पावसाचे पाणी साठवावे लागले. शीड बांधायचा मोठा आडवा वासा मोडला. चीनच्या समुद्रात वादळांनी गाठले. वासा मोडला, शिडे फाटली, पण अगत्तीच्या कारागिरांची शिवण शेवटपर्यंत टिकली. आज ते जहाज मस्कतमध्ये अल् बुस्तान भागातील चौकात शोभेसाठी ठेवलेले आहे.

दाम कोणी ठरवला?

येथपर्यंतची गोष्ट अभिमानाची झाली. आता थोडी कडू गोष्ट. जगातील उत्तम सुंभ वळणाऱ्या या बेटांवर सुंभाचा भाव कोण ठरवीत असे?

पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनाही आपल्या जहाजांसाठी हाच सुंभ हवा होता, आणि तो त्यांनी बेटवाल्यांकडून लुटूनही नेला. पुढे ही बेटे कण्णूरच्या अरक्कल घराण्याच्या ताब्यात आली. सुंभाची खरेदी ही त्या घराण्याची मक्तेदारी झाली. बेटावर भात पिकत नाही. तांदूळ बाहेरून यायचा. सुंभ द्यायचा आणि तांदूळ घ्यायचा, दोन्हींचा भाव घेणाऱ्याच्या हाती. राज्यकर्ते मुसलमान होते, प्रजाही मुसलमान होती. पण कारागिराची अडवणूक त्यामुळे थांबली नाही. १७८३ साली अमिनीचे काही लोक समुद्र ओलांडून मंगळूरला टिपू सुलतान यांच्याकडे गेले आणि आमची बेटे आपल्या कारभाराखाली घ्या, अशी विनंती त्यांनी केली. अमिनी, कदमत, किलतान, चेतलत आणि बित्रा ही पाच बेटे मग टिपूंकडे आली. 'सोहार'ने ज्या चेतलतला नांगर टाकला, तेच हे चेतलत. १७९९ मध्ये टिपू सुलतान शहीद झाल्यावर बेटे ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. धनी बदलला, पण सुंभाच्या बदल्यात तांदूळ हा व्यवहार चालूच राहिला.

आमच्या मते या कहाणीचे मर्म येथे आहे. कारागिराजवळ हुनर असतो, पण एकच गिऱ्हाईक असेल तर भाव त्या गिऱ्हाइकाचा असतो. आणि गिऱ्हाईकच उरले नाही, तर हुनरही उरत नाही. शिवलेली होडी मागे पडली ती कारागीर आळशी झाले म्हणून नव्हे. खिळे, इंजिने आणि फायबरच्या होड्या आल्या, मागणी संपली. मुलाने बापाकडून शिकावे तरी कशासाठी?

पुन्हा मागणी आली

१९९८ साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ समुद्रतळाशी नवव्या शतकातील एक बुडालेले जहाज सापडले. तेही शिवलेले होते, आणि त्यात चिनी भांड्यांचे सुमारे ६०,००० नग होते. म्हणजे अरबी पद्धतीची शिवलेली जहाजे खरोखरच चीनचा माल वाहत होती. त्या जहाजाच्या धर्तीवर ओमानने 'ज्युएल ऑफ मस्कत' बांधले. ते फेब्रुवारी २०१० मध्ये निघून कोची, श्रीलंकेचे गाले आणि पेनांग अशा बंदरांवरून जुलैमध्ये सिंगापूरला पोहोचले. त्याच्या शिवणीसाठीही हिंदुस्थानी कारागीरच लागले.

आता ताजी गोष्ट, आणि ती आपल्या दाराशी घडलेली. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून भारतीय नौदलासाठी गोव्यात एक शिवलेले जहाज बांधण्यात आले. शिवणकाम केरळचे उस्ताद कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली झाले. २१ मे 2०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले, नाव 'कौंडिण्य'. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ रोजी ते मस्कतला पोहोचले. 'सोहार' मस्कतहून इकडे आले होते. हे इकडून मस्कतला गेले.

आनंदाची गोष्ट आहे. पण हिशेब मांडून पाहा. या लेखातली जहाजे धरली तर पंचेचाळीस वर्षांत तीन झाली. त्यावर कोणाचे घर चालेल? मिरवणुकीने हुनराचे कौतुक होते; हुनर जगतो तो नेहमीच्या मागणीवर आणि रास्त दामावर.

आपण काय घ्यावे?

आपल्या समाजात विणकर, सुतार, तांबट, जरीकाम करणारे, चामड्याचे काम करणारे कारागीर पुष्कळ आहेत. कोकणच्या मुसलमानांत तर खलाशी, तांडेल आणि नाखवे यांची परंपरा आहे. नाखवा हा शब्दच 'नाखुदा'वरून आला. त्यांच्यासाठी आणि त्यांच्याकडून माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी आम्हाला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, कारागिराने एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये. दोन-तीन ठिकाणी माल देण्याची सोय करावी, चार घरांनी एकत्र येऊन भाव ठरवावा. जो सुंभ जहाज शिवतो तोच पायपुसणी, चटई आणि दोरखंड यांनाही लागतो. कोकणात कितीतरी सोडणे अजून चुलीत जातात.

दुसरी, व्यापाऱ्याने पारख सोडू नये. चांगल्या मालाला चांगला दाम देणारा गिऱ्हाईक नसेल, तर चांगला माल तयारच होत नाही. मापात पाप नको, हे आपण विकताना पाळतो. विकत घेतानाही ते पाळायला हवे. मजुराची मजुरी वेळेवर चुकती करण्याची ताकीद आपल्या दीनने दिली आहे. अडचणीत सापडलेल्या कारागिराकडून पडेल भावात माल उचलणे याला व्यापारकौशल्य म्हणता येणार नाही.

तिसरी, उस्तादांनी आपले काम शिकवावे, आणि शिकणाऱ्याला शिकत असतानाच चार पैसे मिळावेत. सूरच्या किनाऱ्यावर जहाजाचा पैसा होता, लाकूड होते, नेता होता. अडले होते फक्त शिवणाऱ्या हातांवाचून. ते हात अगत्तीत उरले होते, म्हणून काम झाले. आणखी एक पिढी गेली असती, तर काय झाले असते?

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असे आपण हट्टी माणसाला हिणवण्यासाठी म्हणतो. अगत्तीच्या कारागिरांच्या बाबतीत ती म्हण आम्हाला शाबासकीसारखी वाटते. मात्र त्यांचा पीळ टिकला, यात विकत घेणाऱ्यांचे श्रेय फार थोडे आहे. आपल्या गल्लीतल्या कारागिराच्या बाबतीत तरी तसे म्हणण्याची वेळ येऊ नये.